वरच्या शाळेत की खालच्या?

मुदखेड जंक्शनला गाडी थांबली की पुन्हा कधी हलेल, ते गार्डलासुद्धा सांगता यायचं नाही. अक्षरानं डोकं खिडकीच्या गजांना टेकवलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले. आधी विमान, मग हैदराबाद, मग ही गाडी... अंग नुसतं आंबून गेलं होतं. नांदेडला मावशीकडं उतरायचं, साक्षीचा साखरपुडा उरकायचा आणि मग लातूरला, आपल्या घरी.

डिसेंबरची सकाळ होती. बाहेर चहावाला ओरडत होता. आणि एकदम डब्यात गुलाबाचा वास शिरला... नुसता शिरला नाही, घुसला!

"पाय जरा वर घेता का? फुलं हायत, तुडवली जातील."

तिनं डोळे उघडले. समोर एक उंच, सावळा तरुण गुलाबांच्या टोपल्या सीटखाली सरकवत होता. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, मनगटावर काट्यांचे बारीक ओरखडे. टोपल्या सरकवून तो समोर बसला. त्याची नजर तिच्या मोठ्या बॅगेवर गेली, बॅगेला लटकणाऱ्या शाळेच्या बिल्ल्यावर गेली आणि तिथंच थबकली.

"सुट्टीला आलात?"

"हो."

तो जरा घुटमळला. मग अगदी सहज, पेठेत का गंजात राहता असं विचारावं तसं त्यानं विचारलं, "वरच्या शाळेत, का खालच्या?"

अक्षराची झोप खाडकन उडाली.

ती शिकत होती ते गाव स्वित्झर्लंडमधलं, डोंगराच्या उतारावर वसलेलं, एवढंसं. घरं थोडी आणि शाळा उदंड. सगळ्या जगातली पोरं तिथं सूट घालून, टाय लावून, बर्फातून वर्गाला जायची. तिच्या हॉटेल-शिक्षणाच्या शाळेच्या इमारती दोन. एक खाली स्टेशनाजवळ, दुसरी पार वर, दातेरी रुळांवरून चढणाऱ्या लहानशा गाडीनं गाठायची. पण हे लातुरात कुणाला ठाऊक असणार? तिचे वडील उमाशंकर गंजबाजारातल्या प्रत्येक व्यापाऱ्याला 'आमची पोरगी स्वित्झर्लंडला' म्हणून सांगायचे, पण त्या गावाचं नाव त्यांना अजून धड घेता येत नव्हतं. आणि हा मुदखेडचा फुलवाला विचारतोय, वरच्या का खालच्या?

"तुम्हाला काय माहीत वरची-खालची?"

"असंच... ऐकलेलं हाय कुठंतरी."

"कुठं?"

"आता ते कुठं ध्यानात ऱ्हातंय!" तो हसला, पण नजर चुकवून. गाडी हलली आणि नांदेड येईपर्यंत त्यानं टोपल्यांवरची ओली फडकी सारखी करण्यातच वेळ काढला. उतरताना मात्र एक गुलाब तिच्या बॅगेवर ठेवला.

"हे कशाला?"

"पाय वर घेतल्याबद्दल," तो म्हणाला आणि गर्दीत दिसेनासा झाला.

अक्षरानं गुलाब उचलला. वास घेतला. आणि लगेच मनाशी म्हणाली, हा माणूस काही सरळ नाही.

*

साखरपुड्याच्या दिवशी तिची खात्रीच पटली. मंगल कार्यालयात पाऊल टाकलं तर स्टेजवर शिडी लावून हाच उभा! शेवंतीच्या माळा दातात धरून कमान बांधत होता. तिला बघून दातातली माळ सुटली आणि खालच्या माणसाच्या डोक्यावर पडली.

"साक्षी, तो कोण गं?"

"तो? भागवत. मुदखेडचा. नांदेडातल्या निम्म्या कार्यालयांत त्याचीच फुलं असतात." साक्षीनं डोळे बारीक केले. "का गं? आवडला?"

"गप. तो परदेशात वगैरे होता का कधी?"

"कोण, भागवत? पुण्याला होता म्हणे थोडे दिवस. हैदराबादच्या पलीकडं काही गेला नसंल बाई."

मग झालंच की! अक्षराच्या मनात सगळं चटाचट जुळत गेलं. इन्स्टाग्रामवर तिचे फोटो सगळ्यांना दिसायचे. वरची शाळा, खालची शाळा, ती चढणारी गाडी, प्रत्येक फोटोत हसणारी अक्षरा. हा बसला असेल शोधत. साक्षीच्या फोटोतून तिच्या फोटोपर्यंत. मुदखेडला त्याच डब्यात चढला तेही मुद्दामच असेल! तिनं तिथल्या तिथं मोबाइल काढून खात्याला कुलूप घातलं. तरी जिवाला स्वस्थता नाही. परक्या माणसानं आपलं हसू असं बघत बसावं, याचा राग येत होता... आणि त्या रागात दुसरंही काहीतरी मिसळलं होतं, ते काय, ते तिला कळत नव्हतं.

जेवणं सुरू झाली तशी ती सरळ त्याच्याकडं गेली. पण राग दाखवला नाही. तिनं सापळा लावला.

"तुम्ही ऐकलेलं असतं ना सगळं... मग आमच्या गावातल्या तळ्याबद्दलही ऐकलं असेल?" ती गोड हसत म्हणाली. "संध्याकाळी बोटी सोडतात त्यात."

भागवत दोरा गुंडाळत होता. हात थांबला. ओठांच्या कोपऱ्यात हसू फुटलं.

"तळं?... तळं कधी खोदलं तिथं?"

"म्हणजे?"

"अहो, तो उतार असा की चेंडू हातातून सुटला तर खालच्या स्टेशनात सापडतो. तळं ठरंल कसं तिथं?" मग हळूच म्हणाला, "रस्त्याच्या वळणावरच्या बेकरीवाल्या बाई अजून तशाच ओरडतात का? सुट्टे न्हाईत म्हणलं की?"

त्या बाई ओरडायच्या, अजूनही ओरडायच्या. आणि त्यांचा फोटो तिनं कधीच टाकला नव्हता.

"तुम्ही तिथं राहिला आहात," ती म्हणाली.

त्यानं दोरा खिशात टाकला.

"मग गावभर पुणं का सांगता?"

"कमान बघून घेतो जरा," तो म्हणाला, "एका बाजूला कलल्यासारखी दिसून राहिली." आणि गेला. कमान मुळीच कललेली नव्हती.

त्या दुपारी साक्षीनं तिला गच्चीवर गाठून आपलं मत ठोकून दिलं. "काहीतरी लफडं करून आला असणार बघ. पोरगी-बिरगी. नाहीतर परदेशात शिकलेला माणूस ते झाकून ठेवतो होय? आपल्याकडं तर लोक दुबईला जाऊन आले तरी गाडीवर लिहितात!"

पोरगी... अक्षराला तो शब्द खटकला. पण का? दोनदा भेटलेला माणूस. त्याची पोरगी असो, बायको असो, हिला काय त्याचं?

तरी तिनं वसतिगृहाच्या मादामना मेसेज केला. मादाम म्हातारी बाई, वर्षानुवर्षं तिथंच. प्रत्येक पोराचं नाव त्यांच्या जिभेवर. भागवत नावाचा मुलगा आठवतो का, असं अक्षरानं विचारलं. उत्तर यायला वेळ लागला नाही.

'आठवतो. शांत मुलगा. फेब्रुवारीतल्या एका सकाळी कुणालाही न सांगता गेला. त्याची खोली रिकामी. आम्ही दिवसभर त्याला डोंगरावर बर्फात शोधत होतो. तू त्याला कशी ओळखतेस? तो ठीक आहे का?'

अक्षरा त्या ओळी पुन्हा पुन्हा वाचत राहिली. माणसं ज्याला बर्फात शोधत होती, तो इथं कमानी बांधतोय. असं कशापासून पळाला असेल हा? चोरीपासून? कुणाच्या जिवावर उठला होता की काय?... आणि या सगळ्या शंकांच्या तळाशी एकच गोष्ट टोचत होती. तिच्या बॅगेवर गुलाब ठेवणारे ते ओरखडलेले हात तिला वाईट माणसाचे वाटत नव्हते.

*

वेळ अमावास्येला, म्हणजे येळवसला, लातूरकर गावात राहत नाहीत. घराला कुलूप लावून सगळे शेतात. उमाशंकरांचं शेत निलंग्याच्या रस्त्याला होतं. हरभरा घाट्यांनी लगडलेला, ज्वारी माणसाच्या वर गेलेली. कडब्याची कोप उभारलेली, आत लक्ष्मीची पूजा मांडलेली. येईल त्याला भज्जी, म्हणजे पालेभाज्या-दाण्यांची एकत्र भाजी, आणि आंबील वाढायची, ओळखीचा असो वा नसो, हा तिथला रिवाज.

म्हणूनच अक्षराला धीर आला. तिनं साक्षीकडून नंबर घेऊन भागवतला फोन केला होता. "येळवसला या आमच्या शेतात. जेवायला."

"एवढ्या लांब?... जेवायलाच ना?"

"आणि खरं बोलायला."

पलीकडं कुणाला तरी फुलांचा भाव सांगितल्याचं ऐकू आलं. मग, "येतो."

आणि तो आला! एसटीतून उतरून, रस्त्यावरून धूळ उडवत, हातात शेवंतीची जुडी घेऊन. शिवम्मांनी, अक्षराच्या आईनं, ती फुलं कोपीतल्या लक्ष्मीला वाहिली आणि त्याच्या ताटात भज्जीवर भज्जी वाढली. उमाशंकर मात्र मिशीवरून हात फिरवत लांबून बघत होते. मुदखेडहून माणूस इथवर नुसत्या आंबिलीसाठी येत नाही, एवढं व्यापाऱ्याला कळतंच.

जेवणं झाल्यावर माणसं सावलीला आडवी झाली. अक्षरा बांधाकडं निघाली. तो मागोमाग आला.

"तुम्ही तिथून पळून आलात," ती वळून म्हणाली. आडपडदा नाहीच. "लोक तुम्हाला बर्फात शोधत होते. काय केलं होतंत?"

भागवत थबकला. "शोधत होते?... मला?"

"दिवसभर. मादाम स्वतः."

तो बांधावर बसला. हरभऱ्याचा एक घाटा तोडला, सोलला, पण खाल्ला नाही.

"मला वाटलं, कुणाला पत्ताच लागणार न्हाई," तो म्हणाला. "काही केलं न्हवतं हो मी. तेच तर. काही केलंच न्हाई." त्यानं घाटा बोटांत फिरवला. "वरच्या शाळेत जेवण वाढायची परीक्षा होती. पाहुणे बसलेले. टेबलावर गुलाब ठेवलेले, हे असे मोठे. महिनोन्महिने नुसता बर्फ बघून राहिलो होतो. मी वाकून एकाचा वास घेतला. वासच न्हाई! मला वाटलं, सर्दी झालीय. दुसऱ्याचा घेतला. त्यालाबी न्हाई. आन् मला काय झालं... मी रडायलाच लागलो. सूट-टाय घालून, हातात ताट घेऊन, सगळ्यांसमोर. कुणी हसलं न्हाई, कुणी काही विचारलं न्हाई. सगळे खाली मान घालून जेवत राहिले. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी खाली उतरलो."

वाऱ्यानं ज्वारी सळसळली. अक्षरा त्याच्या शेजारी बसली.

"जाताना गावात बोभाटा केलाच न्हवता, तवा आईनं सांगून टाकलं, पोरगा पुण्याला होता. मग मीबी तेच म्हणून राहिलो. स्वित्झर्लंडला गेलेला पोरगा फुलाच्या वासासाठी रडत परत आला, हे कुणाला सांगता येतं का?"

"मग मला गाडीत का विचारलंत?"

तो तिच्याकडं बघू लागला. पहिल्यांदाच, नजर न चुकवता.

"सुट्टीला गावी येणारं माणूस खिडकीतून बघतं," तो म्हणाला. "तुम्ही डोळे घट्ट मिटून बसल्या होत्या. आन् झोपेत न्हवत्या. मी आलो तवा अस्साच बसलो होतो."

अक्षराच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतके दिवस ती त्याच्यावर पाळत ठेवून होती आणि यानं तर तिला मुदखेडलाच ओळखलं होतं!

मग तिच्या तोंडून भडाभडा सगळं बाहेर पडलं. ती लिंगायताघरची पोर, घरात अंडंसुद्धा शिजत नाही. तिथं स्वयंपाकघराच्या तासाला मांस कापायचं. हातमोजे घालून तेही केलं. गळ्यात साखळी चालत नाही म्हणून इष्टलिंग काढून ठेवायचं. तेही ठेवलं. एक दिवस शेफ म्हणाला, चव घेतल्याशिवाय मार्क नाहीत. तिनं चमचा तोंडात घातला. मग न्हाणीघरात जाऊन थुंकली, रडली, पुन्हा वर्गात येऊन हसली.

"तेव्हापासून लिंग गळ्यात घातलंच नाही मी. पेटीत आहे. हात लावायला भीती वाटते. आई रोज विचारते, पूजा करतेस ना... आणि मी हो म्हणते. परत जायचं नाहीये मला, भागवत. पण बाबांना कुठल्या तोंडानं सांगू?"

तिनं नुसतं 'भागवत' म्हटलं, हे दोघांच्याही लक्षात आलं. दोघंही लक्षात न आल्यासारखे बसले.

"दुसरी बाजू मागितली का?" त्यानं विचारलं. "पाहुण्यांच्या स्वागताची, खोल्यांच्या व्यवस्थेची? तिकडं स्वयंपाकघर लागत न्हाई."

"मिळते?"

"मागितली तर मिळते. माझ्या वर्गातल्या एका पोरीला मिळाली होती. मी कधी काही मागितलंच न्हाई कुणाला. गप उठून आलो. तू तसं करू नको."

तू! अक्षरानं डोळे पुसले आणि मोबाइल काढला.

"मी मागीन. पण आधी तू. मादामना फोन लाव. आत्ता."

"येडी का काय! मी काय बोलू त्यांना?"

पण तिनं लावलासुद्धा. रेंजसाठी दोघं बांधाच्या उंचवट्यावर चढले. तिकडं सकाळ होती. पडद्यावर कॉफीचा कप घेतलेल्या मादाम दिसल्या. आधी अक्षराला बघून हसल्या आणि मग बाजूचा चेहरा बघून त्यांचा कप खाली आपटला.

"भागवात?"

मग जे बोलणं सुरू झालं! मादाम रागावत होत्या, नाक पुसत होत्या, पुन्हा रागावत होत्या. पुलाखाली शोधलं तुला, लाकडाच्या वखारीत शोधलं, तुझ्या आईला काय सांगू म्हणून मी रात्र बसून काढली. भागवत खाली मान घालून ऐकत होता. मग त्यानं गंजलेल्या, मुदखेडी हेल असलेल्या फ्रेंचमध्ये माफी मागितली. तीच वाक्यं, चुकत, अडखळत, पुन्हा पुन्हा. शेवटी मादामनीच त्याला थांबवलं. "बस. जिवंत आहेस. जेवलास का?"

फोन बंद झाल्यावर तो शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत राहिला. अक्षरा मुद्दाम दुसरीकडं बघत म्हणाली, "फ्रेंच अगदीच भिकार आहे हं तुझं."

"तुझा सापळा त्याहून भिकार होता. तळं म्हणे!"

आणि दोघं खूप हसले. इतके की कोपीजवळ आडवे झालेले उमाशंकर उठून बसले.

त्या संध्याकाळी पिकावर आंबील शिंपडून झाल्यावर अक्षरानं आईला बाजूला नेलं आणि सगळं सांगितलं. मांसाचं, चमच्याचं, इष्टलिंगाचं. शिवम्मा ऐकता ऐकता पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. सांगून संपलं तरी गुंडाळतच होत्या. अक्षराला वाटलं, आता काही खरं नाही.

"एवढं एकटीनं सोसलंस," शेवटी त्या म्हणाल्या, "आणि मी रोज फोनवर विचारत होते, थंडी लई हाय का म्हणून." त्यांनी तिचं डोकं छातीशी ओढून घेतलं. "उद्या न्हाऊन घे. मी घालते तुझ्या गळ्यात. आणि तिथं सांग त्यांना, आमच्यात चालत नाही म्हणून. भांडून सांग. तुझ्या बापाशी भांडतेस तसं."

अक्षरा भांडली. शेफशी, मग त्याच्या वरच्या बाईंशी, फोनवरून, दिवसाआड. सुट्टी संपायच्या आत दुसरी बाजू मिळाल्याचं त्यांनी कळवलं.

*

जानेवारीत ती निघाली. लातूर स्टेशनवर सोडायला उमाशंकर आले होते आणि भागवतही आला होता. गंजात फुलं पोचवायची होती, जाता जाता आलो, असं तो म्हणाला. हात मात्र रिकामे होते.

उमाशंकरांनी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा लेकीकडं. "पाण्याची बाटली घेऊन येतो," म्हणाले. पिशवीत दोन बाटल्या आधीच होत्या.

गाडी लागलेली होती. अक्षरा दारात उभी, तो खाली. आणि तिच्या मनात तर नवाच किडा वळवळत होता.

"एकदाही म्हणाला नाहीस," ती म्हणाली.

"काय?"

"थांब म्हणून."

"न्हाई म्हणलो."

"उलट दुसरी बाजू माग, भांड, जा... पाठवायचीच घाई तुला. मी गेले काय, राहिले काय, तुला सारखंच दिसतंय."

भागवतनं दाराचा दांडा घट्ट धरला. "रोज वाटून राहिलंय," तो म्हणाला. "फोन केला की पहिला शब्द तोच येतो तोंडात. गिळतो. मी म्हणलं तर थांबशील गं... पण दहा वर्षांनी एखाद्या दिवशी चपात्या लाटता लाटता तू माझ्याकडं बघशील आन् तुझ्या मनात येईल, ह्यानंच मला अडवलं. तसलं बघणं मला न्हाई सोसायचं."

अक्षरा बघतच राहिली. मग हळूहळू तिच्या गालावर खळी पडली.

"चपात्या मीच लाटायच्या का?"

"आं?"

"दहा वर्षांनी आपण एकाच स्वयंपाकघरात आहोत, असं तू आत्ता म्हणालास."

भागवतचे कान लालबुंद झाले. "असं... म्हणलो का मी?"

"म्हणालास. आता फिरवू नकोस."

"न्हाई फिरवत," तो म्हणाला. "म्हणलो. अजून एकदा म्हणू का?"

गाडीनं शिट्टी दिली. अक्षरा वाकली, दांड्यावरच्या त्या ओरखडलेल्या हातावर क्षणभर आपला हात ठेवला... इतक्यात उमाशंकर बाटली हलवत आले. तिनं हात काढला, पण घाईघाईनं नाही. वडिलांनी बघावं, असाच काढला.

"बाबा," गाडी हलता हलता ती ओरडली, "ह्यांना घरी घेऊन जा. जेवल्याशिवाय सोडू नका!"

उमाशंकरांनी भागवतला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मिशीवरून हात फिरवला.

"मांस-मच्छी खातोस का रे?"

भागवतनं पुढं सरकणाऱ्या गाडीकडं पाहिलं. दारात उभी राहून ती कान देऊन ऐकत होती.

"कालपर्यंत खायचो," तो म्हणाला.

गाडी फलाटाबाहेर पडली तरी दारातलं तिचं हसू दोघांनाही ऐकू येत होतं.